नकारानंतरचे दोन दिवस: सुवार्ता प्रशिक्षण वर्गाचे परीक्षण

ख्रिस्ताविषयी दुसऱ्याला कसे सांगावे हे शिकवणारे वर्ग आमच्या मंडळ्यांमध्ये अधूनमधून होत असतात. मात्र सांगून झाल्यावर समोरच्या माणसाने ‘नको’ म्हटले तर पुढे काय करायचे, एवढ्या एकाच प्रश्नासाठी ठेवलेला वर्ग मी गेल्या नोव्हेंबरात अहिल्यानगरला पहिल्यांदा पाहिला. दोन दिवसांचा निवासी वर्ग, भोजनासह सहाशे रुपये शुल्क आणि सुमारे चाळीस प्रशिक्षणार्थी, असे त्याचे स्वरूप होते. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी गंभीर आहेत आणि त्या मी संस्थेला लेखी कळवल्या आहेत. असे वर्ग आता इतरही ठिकाणी होऊ लागले आहेत. आपल्या मंडळीतून कोणाला पाठवायचे असेल, तर काय पाहावे आणि काय विचारून घ्यावे, हे कळावे म्हणून हे लिहीत आहे.

मी स्वतः का गेले, ते आधी सांगितले पाहिजे, कारण माझे मत त्या कारणाशी बांधलेले आहे. श्रीरामपूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनींशी माझा एकोणीस वर्षांचा घरोबा आहे. मागच्या जूनमध्ये त्यांचे यजमान रुग्णालयात असताना मी रोज डबा घेऊन जात असे. एके दिवशी डब्याबरोबर मी नवा करार दिला आणि ‘वाचून पाहा, शांती मिळेल’ असे म्हटले. चार दिवसांनी त्यांच्या मुलाने तो ग्रंथ वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आमच्या दारात आणून दिला. तो काही बोलला नाही. त्यानंतर वहिनींचे येणे थांबले आणि दिवाळीला त्यांच्याकडून येणारे फराळाचे ताटही आले नाही. आपण चांगलेच केले, तरी असे का झाले, हा प्रश्न मी पाच महिने मनात घोळवत होते. आमच्या पाळकांनी वर्गाचे पत्रक वाचून दाखवले, तेव्हा मी त्याच दिवशी नाव दिले.

व्यवस्थेविषयी थोडक्यात लिहिते. राहण्याची जागा स्वच्छ होती, स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्या होत्या, जेवण साधे आणि गरम होते. सत्रे मात्र वेळेवर सुरू झाली नाहीत आणि दोन्ही दिवशी साक्षीचा, म्हणजे स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगण्याचा, तास ठरल्यापेक्षा इतका लांबला की त्यानंतरच्या सत्राला निम्माच वेळ मिळाला. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी खुर्ची मिळेल का हे आधीच विचारून घ्यावे, कारण सकाळची प्रार्थना सतरंजीवर बसूनच होते.

सहाशे रुपये आणि दोन दिवस सार्थकी लावणारे सत्र पहिल्याच सकाळी झाले. ते घेणारे पाळक वयस्कर होते आणि त्यांच्यापुढे पवित्र शास्त्राखेरीज एकही कागद नव्हता. त्यांनी नकाराचे चार प्रसंग घेतले. पहिला नासरेथचा: लूकच्या चौथ्या अध्यायात येशूच्या स्वतःच्या गावाने त्याला गावाबाहेर ढकलत कड्यापर्यंत नेले आणि तो त्यांच्यामधून निघून गेला. दुसरा शोमरोनी गावाचा: तेथील लोकांनी त्याला उतरू दिले नाही, म्हणून याकोब आणि योहान यांनी आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागितली, तेव्हा येशूने त्या गावाला नव्हे, तर आपल्या शिष्यांनाच धमकावले आणि मग ते सर्व दुसऱ्या गावाला गेले. तिसरा मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत मनुष्य, जो ‘सर्व विकून गरिबांना दे’ असे येशूने सांगितल्यावर खिन्न होऊन निघून गेला. चौथा अथेन्सचा: पौलाचे भाषण ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले की याविषयी पुन्हा ऐकू, आणि दियनुस्य व दामारी यांच्यासह थोड्यांनी विश्वास ठेवला.

या चारही प्रसंगांवर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत. तरीही श्रीमंत मनुष्याच्या प्रसंगात पाळकांनी ज्या ठिकाणी बोट ठेवले, तेथे मी कधी थांबले नव्हते. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असे मार्क लिहितो आणि लगेच पुढे तो मनुष्य गेल्याचे सांगतो. येशू त्याच्या मागे धावला नाही, अट सौम्य केली नाही आणि त्याच्या पाठमोऱ्या आकृतीला शापही दिला नाही. पाळकांनी आम्हाला विचारले, “त्याला जाऊ दिले, तेव्हा ती प्रीती संपली होती का?” सभागृहात कोणीच उत्तर दिले नाही आणि त्यांनीही आम्हाला घाई केली नाही. मला त्या क्षणी आमच्या दारात उभा असलेला वहिनींचा मुलगा आठवला. त्याच्या हातून ग्रंथ घेताना मी त्याला ‘आत ये, चहा घे’ असेही म्हटले नव्हते.

पायांच्या धुळीचा प्रश्न अर्थातच निघाला. जे तुम्हाला स्वीकारणार नाहीत त्यांच्या घराबाहेर किंवा गावाबाहेर पडताना आपल्या पायांची धूळ झटकून टाका, ही आज्ञा मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि संगमनेरकडच्या एका तरुणाने ती ‘हात झटकून मोकळे व्हा’ अशा अर्थाने सांगितली. पाळकांनी त्याला आपल्याच भाषेतून समजावले. मराठीत आपण एखाद्याला आग्रहाने घरी बोलावतो तेव्हा ‘आमच्याकडे पायधूळ झाडा’ असे म्हणतो. म्हणजे पाहुण्याच्या पायाची धूळ आपल्या उंबऱ्यात पडावी हा आपल्याकडे मान आहे. शास्त्रातील धूळ मात्र नकाराची खूण आहे. परराष्ट्रांतून परतणारे यहूदी तेथील धूळ अंगावरून झाडत असत, त्या चालीशी ती जोडली जाते. त्यामुळे मराठी वाचकाला ते वचन वाचताना दोन्ही अर्थांमधला ताण जाणवतो. पाळकांचे म्हणणे असे होते की ही आज्ञा देणाऱ्याने गाव सोडायला सांगितले, गावाशी भांडायला सांगितले नाही. आणि ती फिरतीवर पाठवलेल्या बारा जणांना दिली होती, पिढ्यान् पिढ्या एकाच आळीत राहणाऱ्या शेजाऱ्यांना ती जशीच्या तशी लावता येत नाही. जो उद्या सकाळी त्याच नळावर पाणी भरणार आहे, त्याने धूळ झाडून जायचे कोठे? हा मुद्दा छापील पुस्तिकेत नाही. तो त्यांनी स्वतःच्या पाळकीय अनुभवातून सांगितला आणि माझ्या मते संपूर्ण वर्गातील सर्वात मोलाचा मुद्दा तोच होता.

दुपारी सरावाचे सत्र झाले. दोघादोघांच्या जोड्या करून एकाने साक्ष द्यायची आणि दुसऱ्याने नकार द्यायचा, अशी पद्धत होती. यात प्रशिक्षिका ताईंनी मेहनत घेतलेली दिसली. नकाराची वाक्ये त्यांनी खरोखर ऐकू येतात तशीच घेतली होती: ‘सगळे देव एकच’, ‘तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी’, ‘बघू पुढे’, ‘घरात विचारावं लागेल’, आणि ज्या वाक्याने आपल्यातील पुष्कळजण दुखावतात ते ‘तुम्हाला याचे किती पैसे मिळतात?’. या शेवटच्या वाक्यावर त्यांनी अर्धा तास घालवला. प्रश्न विचारणारा अपमान करण्यासाठीच विचारतो असे धरू नका, त्याने कोठेतरी काही पाहिले किंवा ऐकले असेल असे धरा, आणि ‘मला काही मिळत नाही, पण तुम्हाला अशी शंका का आली ते मला सांगाल का?’ असे विचारून खरोखर ऐका, असे त्यांनी शिकवले. माझ्या जोडीदार होत्या राहुरीच्या एक निवृत्त परिचारिका. त्यांनी माझ्यापुढे नकार देण्याची भूमिका इतकी मनापासून केली की मला उत्तर सुचेना, आणि मग त्यांनीच सांगितले की त्यांचे सख्खे दीर गेली आठ वर्षे त्यांच्याशी याच विषयामुळे बोलत नाहीत. ‘बघू पुढे’ याचा आपल्याकडे बहुतेक वेळा ‘नको’ असाच अर्थ असतो आणि तो समजून घेऊन विषय तेथेच थांबवणे हा समोरच्याचा मान आहे, हे ताईंनी स्पष्ट सांगितले. सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असे पेत्र आपल्या पहिल्या पत्रात लिहितो. पण तो उत्तर द्यायला सांगतो ते विचारणाऱ्याला, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. मी वहिनींना उत्तर दिले होते, तेव्हा त्यांनी मला काहीच विचारले नव्हते.

कायद्याविषयीचे सत्र लहान आणि नेमके होते. एका वकिलांनी राज्यघटनेचे पंचविसावे कलम वाचून दाखवले: धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला आहे. त्यानंतर त्यांनी १९७७ सालच्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्याचा निकाल समजावला. आपल्या धर्माची तत्त्वे मांडून ती पसरवण्याचा हक्क घटना देते, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यात म्हटले. काही प्रशिक्षणार्थींना हा निकाल जाचक वाटला. मला तो नकाराच्या प्रश्नावर प्रकाश टाकणारा वाटला, कारण बोलणे एवढेच आपल्या हातात आहे, स्वीकारणे हे ऐकणाऱ्याच्या विवेकाचे आणि आपल्या श्रद्धेप्रमाणे देवाचे काम आहे. मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढ देवाने दिली, असे करिंथकरांना लिहिणारा पौलही दुसरे काय सांगत होता?

दुसऱ्या दिवशीच्या इतिहासाच्या सत्राकडून माझ्या फार अपेक्षा होत्या. अहिल्यानगरसारख्या गावात, जेथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम चालले आणि जेथून १८४२ मध्ये ज्ञानोदय हे नियतकालिक निघू लागले, तेथे हे सत्र होत होते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा भाग उत्तम झाला. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. त्या प्रवाशाचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला हे त्याला कधी कळले असेल, असेही दिसत नाही. व्याख्यात्यांनी हा प्रसंग धीर देण्यासाठी सांगितला आणि तो धीर देतोच.

त्यांनी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा भाग मात्र दोन वाक्यांत संपवला, आणि येथे माझा पहिला आक्षेप आहे. नकाराविषयीच्या वर्गात लक्ष्मीबाई टिळकांइतके मोठे उदाहरण मराठीत दुसरे नाही. पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांनी तो मार्ग नाकारला. त्यांनी वर्षानुवर्षे वेगळे राहून हाल सोसले, माहेरच्या आणि सासरच्या माणसांचा दुखावलेपणा पाहिला, स्वतःचा सोवळेपणा जपला, आणि पुढे आपल्याच विचाराने जातिभेद माणसाने केला की देवाने, या प्रश्नाशी झुंजून १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मकथन वाचणाऱ्याला दिसते की त्यांचा नकार म्हणजे आडमुठेपणा नव्हता. त्यात घर मोडल्याचे दुःख होते, आईवडिलांच्या संस्कारांवरची निष्ठा होती आणि फसवणूक झाल्याची भावना होती. टिळकांनी पत्रे आणि भेटी सोडल्या नाहीत. ज्याला नकार मिळतो त्याचे दुःख आम्हाला वर्गात दोन दिवस सांगितले गेले. जो नकार देतो त्याच्याही मनात दुःख असू शकते, हे सांगण्यासाठी आपल्याच घरातली एवढी मोठी साक्षीदार उपलब्ध असताना तिला दोन वाक्ये मिळाली, याचे मला फार वाईट वाटले.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तर मांडणी एकांगी होती. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलवलेले त्यांचे शारदा सदन हे विधवा व मुलींचे निवासी विद्यालय १८९३ मध्ये वादात सापडले, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या, हे सर्व व्याख्यात्यांनी छळाची कथा म्हणून सांगितले. रमाबाईंनी सोसले ते खरेच आहे आणि त्यांच्या धैर्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. पण सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील या विश्वासाने पालकांनी मुली पाठवल्या होत्या, आणि मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात हे कळल्यावर त्यांना भीती वाटली. रमाबाईंचे म्हणणे असे होते की माझ्या प्रार्थनेचे दार उघडे आहे, मी कोणाला बोलावत नाही. ही दोन्ही बाजूंची गोष्ट वर्गात सविस्तर उलगडली असती, तर विश्वासाने सोपवलेली माणसे आणि आपली श्रद्धा यांच्यामध्ये आपण कसे वागावे, यावर आम्हाला खरी चर्चा करता आली असती. आजारी माणसाच्या उशाशी डबा घेऊन जाणारीलाही तोच प्रश्न लागू पडतो. सत्र संपल्यावर मी हे व्याख्यात्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण वेळ संपली होती.

आता दुसरा आक्षेप, जो मी संस्थेला लेखी कळवला आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येकाच्या हाती एक नोंदपत्रक देण्यात आले. त्यात ज्याला साक्ष दिली त्याचे नाव, पत्ता, दिनांक आणि ‘प्रतिसाद’ असे रकाने होते, आणि प्रतिसादाच्या रकान्यात स्वीकारले, विचाराधीन, नाकारले यांपैकी एकावर खूण करायची होती. तीन महिन्यांनी ही पत्रके गोळा होणार होती. पहिल्या सकाळी ज्या पाळकांनी श्रीमंत मनुष्याला प्रीतीने जाऊ देणारा प्रभू दाखवला, त्यांच्याच वर्गात शेजाऱ्याच्या नावापुढे ‘नाकारले’ अशी खूण करण्याची वेळ यावी, हे मला सहन झाले नाही. शिवाय एखाद्याचे नाव आणि पत्ता त्याच्या संमतीवाचून अशा कागदावर लिहून तिसऱ्याच्या हाती देणे हा त्याचा विश्वासघात आहे. मी आणि राहुरीच्या ताईंनी पत्रके कोरीच परत केली. आम्हाला कोणी रागावले नाही, पण खुलासाही मिळाला नाही.

त्याच संध्याकाळी काही तरुणांना सुवार्तेच्या पत्रिका घेऊन बाजारात पाठवण्यात आले. ‘बघू पुढे’ म्हणणाऱ्याला मान द्या, असे आदल्या दिवशी शिकलेली ती मुले संध्याकाळी घाईत असलेल्या गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत कागद सारत होती. त्यांचा उत्साह खरा होता. त्यांच्यासोबत एकही अनुभवी माणूस दिला नव्हता, हा दोष आयोजकांचा आहे. दोघांशी एका दुकानदाराची बाचाबाची झाली आणि ती मुले रडवेली होऊन परतली, तेव्हा त्यांना जवळ बसवून विचारपूस करण्याऐवजी त्यांना सर्वांसमोर उभे करून ‘यांनी ख्रिस्तासाठी अपमान सोसला’ असे सांगून टाळ्या वाजवण्यात आल्या. त्या दुकानदाराचे म्हणणे काय होते, हे कोणीच विचारले नाही.

पुस्तिकेविषयी एक गोष्ट नोंदवते. ती साठ पानांची आहे, छपाई चांगली आहे, वचनांची यादी उपयोगी आहे. मात्र तिचे मराठी भाषांतरित आहे आणि ते वाचताना पावलोपावली अडखळायला होते. संवादाचे नमुने तर असे आहेत की आपल्याकडे कोणी कोणाशी तसे बोलत नाही. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिताना विधवांचे दुःख जसे मराठी घरातल्या भाषेत आणले, तशी भाषा या विषयाला हवी आहे. सरावाचे सत्र घेणाऱ्या ताईंकडूनच ही पुस्तिका नव्याने लिहून घ्यावी, अशी सूचना मी केली आहे.

वर्गाहून परतल्यावर आठ दिवसांनी मी वहिनींकडे गेले. हातात काही नेले नाही. “भाऊ दवाखान्यात असताना मी ते पुस्तक दिलं, ती वेळ नव्हती. तुम्हाला वाईट वाटलं असेल, माझं चुकलं,” असे म्हणाले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, मला वाटलं तुम्ही डबे त्यासाठीच आणत होता.” मी नाही म्हटले आणि त्यांनी विश्वास ठेवला की नाही, हे मला सांगता येणार नाही. ग्रंथ वर्तमानपत्रात गुंडाळून का पाठवला तेही त्यांनीच सांगितले: तो देवाचा ग्रंथ आहे, तसाच उघडा कसा पाठवायचा, म्हणून त्यांनी मुलाला आधी हात धुवायला लावले होते. पाच महिने मी ज्या गोष्टीला झिडकारणे समजत होते, ती त्यांनी आदराने केली होती. नाताळात मी करंज्या आणि शंकरपाळ्यांचे ताट पाठवले. ते ताट रिकामे परत आले नाही, त्यात तिळाच्या वड्या होत्या.

हा वर्ग कोणी करावा, असे मला विचाराल तर मी पहिल्या दिवसासाठी निःसंकोच हो म्हणेन. घरातल्या माणसाने, मित्राने किंवा शेजाऱ्याने नकार दिल्यामुळे ज्यांचे मन मिटून गेले आहे, त्यांनी पहिल्या सकाळचे सत्र आणि दुपारचा सराव चुकवू नये. तरुण संघातील मुलांना पाठवणाऱ्या पाळकांनी मात्र बाजारातील उपक्रमात त्यांच्यासोबत कोण असणार, हे आधी लेखी विचारून घ्यावे. नोंदपत्रक समोर आले तर शेजाऱ्याचे नाव त्यावर लिहू नये. पुढचा वर्ग उन्हाळ्यात आहे, आणि आमच्या महिला मंडळातील दोघींची नावे मी दिली आहेत. नोंदपत्रक बंद करण्याविषयीच्या माझ्या पत्राला संस्थेकडून अद्याप उत्तर आलेले नाही. आले की पाळकांमार्फत सर्वांना कळवीन.